उलटा तास

एप्रन जवळजवळ जमिनीला टेकत होता. मी मुलीची पाण्याची बाटली तिच्या खुंटीला अडकवायला वाकले होते, आणि सरळ होताना तो माझ्या नाकाला घासला. निळ्या जाड कापडाचा, कडा वाकड्यातिकड्या शिवलेला, छातीच्या जागी पांढऱ्या दोऱ्यानं काढलेलं एक चाक. चाक म्हणजे माझी मुलगी. या शाळेत प्रत्येक मुलाची एक खूण असते, कुणाची गोगलगाय, कुणाची कात्री, कुणाचा ढग. चाक खारूचं. खारू हे तिचं घरातलं नाव, कारण ती सापडेल ते खिशात भरून आणते. तेव्हा एप्रन तिनंच शिवलेला, यात शंकेला जागा नव्हती. वरच्या दांडीवर बाकीच्या मुलांनी शिवलेले एप्रनही टांगलेले होते, पण ते साधारण माणसाच्या मापाचे. हा मात्र लांबच लांब. मी मनातल्या मनात तो अंगाला लावून पाहिला. माझी उंची अशी की बसमध्ये वरची कडी धरायची तर टाचा उचलाव्या लागतात. हा एप्रन घालून मी चार पावलं टाकली असती तर पायात अडकून तोंडघशी पडले असते. म्हणजे तो माझ्यासाठी नव्हता. एवढंच झालं. खारू तर केव्हाच मागच्या अंगणात पळाली होती. पण बस पकडायला धावतानाही ती लांबी माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

हे कुणाला सांगायला जावं तर हसतील. चाळिशीची बाई, कमावती, आणि पोरीनं शिवलेल्या एप्रनची लांबी बघून हिरमुसते. पण हसणाऱ्यांना उलटा तास माहीत नाही. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर ही शाळा भरते. तीन खोल्या, मागे अंगण, दोन शिक्षिका, आणि हॉलभर मावतील एवढीच मुलं. घंटा नाही, परीक्षा नाही, सगळ्यांना मिळून एक धडा नाही. प्रत्येक मुलाचं आपापलं काम असतं आणि सगळं शिकणं त्या कामातून निघतं. गोगलगायवाला कित्येक महिने गोगलगायींपाशी आहे. त्यांच्या चालण्याच्या रेघा मोजता मोजता तो दशांशापर्यंत पोचला. आणि एखाद्याचं काम पिकलं, हा तिथल्या ताईंचा शब्द, की त्या मुलानं एका मोठ्या माणसाला बोलवायचं, बुटक्या स्टुलावर बसवायचं आणि आपलं काम त्याला शिकवायचं. हा उलटा तास. त्या माणसासाठी एप्रनही मुलानंच कापायचा, शिवायचा. नियम दोनच. ज्याला ते काम येत नाही त्यालाच बोलवायचं. आणि शिकणाऱ्याचं कितीही अडलं, कितीही वेळ लागला, तरी त्याच्या हातातून वस्तू काढून घ्यायची नाही. कुणाला बोलावलंय हे मूल आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, पालकांनी विचारायचं नाही. हा तिसरा नियम म्हणा, पण तो फक्त आमच्या जिवाला घोर लावायला केलेला आहे असं माझं मत आहे.

मला त्या स्टुलावर बसायचं होतं. आडपडदा कशाला ठेवू, मला ते फार हवं होतं. ढगवालीच्या आईला मी एकदा खारूला न्यायला आले तेव्हा दारातून तिथं बसलेलं पाहिलंय, गुडघे हनुवटीशी, आणि समोर तिची एवढीशी मुलगी भिजलेल्या कागदाचा लगदा जाळीवर कसा पसरायचा ते सांगतेय, अगदी हळू, पुन्हा पुन्हा, न वैतागता. ती बाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचा चेहरा तेव्हा जसा झाला होता तसा माझा व्हावा असं मला वाटलं होतं. मला आठवतंय तेव्हापासून मला कुणी काही हळू शिकवलेलं नाही. घरात आम्ही चौघी बहिणी, आई शिलाई मशीनवर, शिकवायला सवड कुणाला. मी बघून बघून शिकले, आणि जे बघून आलं नाही ते हात भाजून. त्यामुळे मला सगळं लवकर येतं. लोक कौतुकानं म्हणतात, हिच्या हातात जादू आहे. जादूबिदू काही नाही, वाट बघायला कुणी नव्हतं एवढंच.

माझं काम दातांचं. डॉक्टर नाही, मी दात बनवते. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही प्लास्टर ओतून त्यांचे साचे करतो आणि त्या साच्यांवर कॅप, कवळ्या, नसलेले दात घडवतो. दिवसभर माझ्यासमोर अनोळखी माणसांचे जबडे मांडलेले असतात. स्पिरिटच्या दिव्यावर पातं गरम करायचं, मेणाचा थेंब उचलायचा, दाढेवर ठेवून त्यात खळगे आणि उंचवटे काढायचे. हात चालू असले की डोकं मोकळं राहतं, हाच या धंद्याचा शाप. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थाचे सुळे घडवता घडवता मी ओळखीतले उंच लोक गोळा केले. वरच्या मजल्यावरचा तो कॉलेजकुमार, दारातून वाकून येतो. आमचे मालक. माझा धाकटा मेहुणा. पलीकडच्या टेबलावर पॉलिशचं काम करणारे काका आहेत, त्यांना शेवटी मी सांगितलंच. ते मशीन बंद करून म्हणाले, "अगं, शाळेला छत रंगवायचं असेल. म्हणून उंच माणूस शोधला असेल पोरीनं." मी हसले. काकाही हसले, पण लगेच मशीन चालू केलं, कारण एप्रन कुणासाठी ते त्यांनी ओळखलं होतं. मीही पहिल्या क्षणापासून ओळखून होते. बाकीचे उंच लोक मी माझीच समजूत घालायला जमवले होते. नाकाला कापड घासलं त्याच क्षणी मला त्याची लांबी कळली होती. त्या लांबीचे शर्ट मी कित्येक वर्षं दोरीवर वाळत घातले आहेत, आणि त्यांच्या बाह्या खाली लोळू नयेत म्हणून दोरी उंच बांधून घेतली आहे.

दुपारी बातम्या लागल्या. लॅबमध्ये रेडिओ कायम चालू असतो. दुपारच्या बातम्या खारूचा बाबा वाचतो. त्याचा आवाज सुरू झाला की काका नेहमी उठून बटण थोडं मागे फिरवतात, निव्वळ सभ्यपणा म्हणून, आणि मी नेहमी म्हणते, "राहू द्या काका, हवामान ऐकायचंय." मी जन्मात कधी छत्री घेऊन बाहेर पडलेली नाही हे काकांना माहीत आहे. आवाज शांत, खर्जातला, प्रत्येक शब्दाखाली हात धरल्यासारखा. किती पाणी सोडलं, कुठला पूल बंद राहील, कुणी राजीनामा दिला. तो दूर गेला, पण त्याचा आवाज मात्र शहरभर सांडलेला आहे; न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, शेजारणीच्या ओट्यावर, कुठंही गाठतो. माणूस सोडून गेला की निदान ऐकू येणं तरी बंद व्हावं, एवढी साधी सोयसुद्धा माझ्या वाट्याला आली नाही. आणि खरं सांगायचं तर एखाद्या दिवशी दुसराच कुणी बातम्या वाचतो तेव्हा मला सुळा नीट घडवता येत नाही. मी दोनदा मेण खरवडते.

त्याला हातानं काही म्हणजे काहीच करता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा नळ गळायला लागला तेव्हा तो पाना हातात घेऊन बराच वेळ नळाकडे बघत बसला होता, जणू नळच आता निवेदन देणार आहे. मी म्हटलं, दे इकडे. मग ते चालतच राहिलं. बल्ब, मिक्सर, खारूची पहिली सायकल, तिच्या वेण्या. तो सुरू करायचा, मी म्हणायचे दे इकडे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. नळ धो धो वाहतोय आणि समोरचा माणूस पान्याचं निरीक्षण करतोय, तर काय टाळ्या वाजवायच्या? तो बाजूला उभा राहून बॅटरी धरायचा, तीही चुकीच्या जागी. पुढं पुढं बॅटरीसुद्धा मीच दातात धरू लागले. भांडण म्हणून आमच्यात कधी झालं नाही, झालं असतं तर त्यातून निदान धूर तरी निघून गेला असता. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "या घरात माझ्यासाठी काही काम नाही." बातमी वाचावी तसं म्हणाला. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेडिओ केंद्राजवळ त्यानं खोली घेतली. खारू बुधवारी आणि रविवारी तिकडे जाते. तिथून आली की तिच्या केसांना त्याच्या साबणाचा वास येतो, आणि वेणी अशी घातलेली असते की जिना उतरेपर्यंत सुटते. मी ती पुन्हा घालत नाही. झोपेपर्यंत तशीच राहू देते.

याआधीच्या मोठ्या शाळेत खारू बोलतच नसे. वर्गशिक्षिकेनं बोलावून सांगितलं, हिचं लक्ष नसतं. मला ऐकून कानकोंडं झालं, कारण लक्ष नसतं म्हणजे काय हे मला तरी माहीत होतं. ज्या दिवशी तिचं लक्ष असायचं त्या दिवशी बाथरूमच्या जाळीदार झाकणाचा स्क्रू निघालेला असायचा. मग आम्ही तिला इथं घातलं. तो आमचा दोघांचा मिळून शेवटचा निर्णय. इथं आल्यावर पहिले कितीतरी दिवस ती अंगणात एक जुनी सायकल उलटी करून ठेवलेली होती तिच्यापाशी बसून पेडल फिरवत होती. मी रोज विचारायचे, "आज काय शिकलीस?" रोज उत्तर, "चाक फिरवलं." माझा धीर सुटायला आला. ताईंना गाठून विचारलं तर त्या म्हणाल्या, "फिरवू दे ना. आपल्याला कुठं जायचंय?" मला म्हणायचं होतं, मला बस पकडायचीय. पुढं ताईंनी एकदा चाकाच्या एका आरीला चिंधी बांधून ठेवली, कुणाला काही न सांगता. खारूला ती दिसली आणि ती फेऱ्या मोजायला लागली. मग टायरला खडूची खूण करून तिनं अख्खी गल्ली मोजून काढली, शाळेपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत. आऱ्यांमधून कोन आले, गियरच्या दात्यांमधून गुणाकार आला. लिहायला मात्र ती तयार नव्हती. मग एक दिवस कात्रीवाल्यानं तिची हत्यारं भलत्याच डब्यात टाकली, आणि माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एक वाक्य लिहून भिंतीवर चिकटवलं: 'विचारल्याशीवाय हात लावू नये.' ताईंनी त्यातली चूक दुरुस्त केली नाही. मी करायला हात उचलला, तर त्यांनी माझं मनगट हळूच धरलं. तो कागद अजून तिथं आहे.

एप्रन दिसला त्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला. एकटी मीच केला असं नाही. या शाळेच्या पालकांमध्ये त्याची साथच आहे. उलट्या तासाचे दिवस जवळ आले की भल्याभल्यांना काही येईनासं होतं. कात्रीवाल्याचे आजोबा निवृत्त सर्जन, माणसांची पोटं शिवत आले, आणि ते नातवासमोर सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून डोळे बारीक करत बसतात. मीही सुरू केलं. बरणीचं झाकण घेऊन खारूपुढे उभी राहिले. "हे उघडतच नाही गं." सायकलची चेन मुद्दाम पाडून ठेवली आणि तिच्याकडे हताश होऊन बघितलं. मान्य करते, अभिनय माझ्या रक्तात नाही. खारूनं बरणी घेतली, उघडली, आणि डॉक्टर रोग्याकडे बघतात तशी माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तू दात बनवतेस."

"म्हणून काय झालं?"

"ज्याला दात बनवता येतात त्याला बरणी उघडता येते."

"रोज येतं असं नाही."

"तू नाटक करतेयस," ती म्हणाली. रागानं नाही, माहिती म्हणून.

मग एका संध्याकाळी, मी ओट्याशी भाजी चिरत असताना, तिनं आपणहून सांगितलं. "शनिवारी माझा उलटा तास आहे. पंक्चरचा. मी बाबाला बोलावलंय." मी म्हटलं, अरे वा. माझा आवाज मलाच कुठल्यातरी जाहिरातीतला वाटला. "बाबाला काहीच येत नाही," ती म्हणाली, आणि हे तिनं ज्या अभिमानानं सांगितलं ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की बाप शहरात पहिला आलाय. "मी त्याला पंप दाखवला तर त्यानं तो उलटा धरला. मी त्याला अगदी पहिल्यापासून शिकवणार. ट्यूब बाहेर कशी काढायची तिथपासून." मी चिरत राहिले. विचारायचं नाही असं बजावत होते स्वतःला, आणि तोंडातून निघून गेलं, "आणि मी?"

"तू काय?"

"मलापण पंक्चर काढता येत नाही."

ती हसली नाही. तिनं थोडा विचार केला, मला वाईट वाटू नये असं काही सापडतंय का ते बघितलं, आणि सापडलं नाही. "आई, मागच्या वेळी माझ्या हातातून ट्यूब घेऊन तूच काढून टाकलंस. भोक सापडायच्या आधीच."

"भोक सापडलं होतं."

"तुला सापडलं होतं," खारू म्हणाली. "मला नव्हतं."

ती निघून गेल्यावर मी चिरलेली भाजी पुन्हा चिरली, बारीक. मत्सर हा शब्द आपल्याला शेजारच्यांसाठी वापरायची सवय असते, म्हणून ओळखायला वेळ लागला. आधी वाटलं त्याचा मत्सर वाटतोय. येईल, उंचच्या उंच, त्या स्टुलावर घडी घालून बसेल, आणि माझी पोरगी त्याच्यासाठी जगातला सगळा वेळ काढून ठेवेल. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की मला तिचाही हेवा वाटत होता. त्याच्याजवळ बसून, त्याचे ते मोठे, बावळट, स्वच्छ नखांचे हात भोक शोधतायत, आणि आपण नुसतं बघत राहायचं. एवढं सोपं काम. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

न बोलावलेल्या पालकांनी उलट्या तासाला थांबायचं नसतं. पण मुलीला घरी न्यायला कुणीतरी जावं लागतंच, आणि शनिवारी लॅब लवकर सुटते, आणि बसही नेमकी लवकर मिळाली, तर त्याला मी काय करणार? मी अंगणाच्या दारापाशी, भिंतीच्या आडोशाला उभी राहिले. अंगणात सगळं मांडलेलं होतं. उलटी सायकल. पाण्याची चपटी बादली. ट्यूब, कानस, सोल्यूशनची नळी, रबराचे गोल तुकडे, पुसायला फडकं, ज्या क्रमानं लागणार त्याच क्रमानं, एका ओळीत. समोर स्टूल आणि स्टुलावर तो निळा एप्रन घडी करून. खारू शेजारी उकिडवी बसली होती. केस तिनं स्वतःच मागे बांधले होते. तो आला नव्हता. तो उशिराच येतो, मी मनात म्हटलं, आणि हे म्हणताना मला जरा बरं वाटलं हेही नोंदवते. मग गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याच्या दुकानातून ती ओळखीची धून वाजली आणि पाठोपाठ त्याचा आवाज आला. ठळक बातम्या.

खारूनं मान वर केली. अंगणातली बाकीची मुलंही थांबली, कारण तो आवाज खारूच्या बाबाचा हे त्यांनाही ठाऊक होतं. हॉलच्या दारात ताई उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी रेडिओ बंद करा म्हणालं नाही. तो वाचत होता, नेहमीसारखाच, सावकाश, कुठंही घाई नाही. धरणातला साठा. रुग्णालयाची नवी इमारत. हवामान कोरडं राहील. मी त्याच्या आवाजात काही सापडतंय का ते ऐकत होते, एखादी अडखळ, एखादा घोट, आणि काही सापडलं नाही. त्याला त्याचं काम उत्तम येतं. खारूनं सगळ्या बातम्या ऐकल्या, हात मांडीवर ठेवून, एखाद्या गोष्टीतलं शेवटचं पान असावं तसं. संपल्यावर ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "आज त्याला सुट्टी होती. दुसऱ्या कुणाला बरं नसेल." आणि थोड्या वेळानं, "संपल्या ना आता. येईल."

माझ्या पर्समध्ये फोन थरथरला. त्याचाच निरोप. 'अचानक ड्यूटी लागली. आता पोचेपर्यंत शाळा सुटेल. पुढच्या शनिवारी येतो. तिला समजाव ना, प्लीज.' मी तो वाचला आणि फोन पर्समध्ये टाकला. एकेक पालक आले, एकेक मूल गेलं. गोगलगायवाला जाताना खारूला म्हणाला, "माझी आजीपण उशिरा आली होती." खारू म्हणाली, "हं." बादलीतलं पाणी गरम झालं असेल म्हणून तिनं ते ओतून ताजं आणलं. सोल्यूशनचं टोपण घट्ट आहे का पाहिलं. ऊन सरकून स्टुलावर आलं तसं तिनं स्टूल सावलीत ओढलं. मला ते बघवेना, आणि तिथून हलवेनाही. शेवटी ताई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"खारू, आज दुसऱ्या कुणाला बसवू या का?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीच्या आडोशाकडे, म्हणजे माझ्याकडे, बघितलं.

खारूनं वळून मला पाहिलं. मी तिथं आहे याचं तिला नवल वाटलं नाही. तिनं एप्रन उचलला, झटकला, आणि माझ्या दिशेनं पुढे धरला. "चालेल," ती म्हणाली. "आई, ये. बस."

माझे पाय निघाले होते. मला एवढंच हवं होतं, इतके दिवस, आणि ते समोर होतं, वाकड्या शिवणीचं, चाक काढलेलं. एप्रन कमरेशी दुमडून घेता आला असता. मी त्या स्टुलावर बसले असते, बादलीत बुडबुडे दिसत असूनही मला दिसत नाहीत असं म्हटलं असतं, आणि तिनं मला हळूहळू, पुन्हा पुन्हा सांगितलं असतं. घरी जाऊन आम्ही दोघी हे कुणाकुणाला सांगितलं असतं. पण तिनं एप्रन धरलेला हात छातीच्या फार वर गेला नव्हता, आणि चालेल म्हणताना तिचा चेहरा मोठ्या शाळेतल्यासारखा झाला होता, लक्ष नसलेला. मी तिच्यासमोर खाली बसले.

"नाही गं," मी म्हणाले. "मला पंक्चर काढता येतं."

"येतं ना?" तिनं विचारलं, आणि तिला इतकं हायसं वाटलं होतं की मला रडू कोसळेल असं वाटलं.

"चांगलं येतं. डोळे मिटून येतं. तू बाबासाठी ठेव."

तिनं एप्रनची पुन्हा घडी घातली, स्टुलावर ठेवली आणि घडीवरून हात फिरवला. मी ताईंना विचारलं, शाळा अजून थोडा वेळ उघडी राहील का. त्या म्हणाल्या, किल्ली माझ्याकडेच आहे. मी हॉलमध्ये गेले. खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या. फोन काढला. या दोन वर्षांत मी त्याला फक्त निरोप पाठवले होते, बुधवारी बूट विसरली, रविवारी खोकला आहे, औषध दप्तरात. फोन असा केला नव्हता. वाजत राहिला. तेवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं की तो यावा असं मला वाटत होतं, पण आता खारूसाठी म्हणून तेवढं नाही. तो दारातून वाकून आत येईल, काय करायचं ते न कळून उभा राहील, आणि मी त्याला काहीही सांगणार नाही, काही घेणार नाही त्याच्या हातातून, संध्याकाळ झाली तरी चालेल. मला ते बघायचं होतं. मला तो हवा होता, तसाच, काही न येणारा.

"हॅलो," तो म्हणाला. रेडिओवरचा नव्हे, दुसरा आवाज, बारीक, जो फक्त घरात असायचा. "समजावलंस का तिला?"

"मी नाही समजावणार," मी म्हणाले. "तू ये."

"अगं, इथून निघून पोचायला किती वेळ लागेल, शाळा सुटली असेल. उगाच तिला आशा लावून..."

"ये," मी म्हणाले. हा शब्द मी त्याला कधी म्हटला नव्हता. तो रविवारी सकाळी दारात बॅगा घेऊन उभा होता तेव्हा नाही, आणि त्यानंतरच्या एकाही रात्री नाही. तोंडात तो अगदीच नवखा लागला.

त्यानं विचारलं, "अजून थांबलीय ती?"

"थांबलोय," मी म्हणाले. "दोघी."

रेडिओवर एवढा वेळ कुणी गप्प बसत नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि मग पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.